मागील पानावरून पुढे

आमच्या मुलुंडच्या घरी दिवाळीला चार पाहुणे नेमाने येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ एक भांडणही नेमाने येते. फराळाची ताटे समोर आली आणि चकली मोडल्याचा पहिला आवाज झाला की ते सुरू होते. चहाचे रिकामे कप आत गेले तरी संपत नाही. भांडण इस्टेटीचे नव्हे, की मानपानाचे नव्हे. ते असते रणजी करंडकाचे.

पहिले पाहुणे पुण्याचे मामा. माझ्या आईचे धाकटे भाऊ. त्यांच्या दृष्टीने क्रिकेट नावाचा खेळ प्रोफेसर देवधरांनी खेळून दाखवला आणि बाकीच्यांनी तो पुढे कसाबसा चालवला. दुसरे अंधेरीचे आमचे साडू. ते बडोद्यात वाढले. विजय हजाऱ्यांचे नाव घेताना त्यांचा आवाज आपोआप खाली येतो. तिसरे घाटकोपरचे शेठ. मूळचे राजकोटकडचे, आमच्या शाळेला वह्या पुरवतात आणि दर पाडव्याला मिठाईचा पुडा घेऊन येतात. चौथा माझा पुतण्या, बोरिवलीचा, कॉलेजात जाणारा. आधीचे तिघे माणसांची नावे घेऊन भांडतात. हा नाव घेत नाही. हा एक आकडा घेऊन येतो आणि सर्वांचे बोलून झाले की तो ताटात टाकतो.

"बेचाळीस!"

झाले! बेचाळीस म्हटल्यावर पुढे कोण काय बोलणार? २०२४ च्या मार्चमध्ये वानखेडे मैदानावर मुंबईने विदर्भाला हरवले आणि करंडक बेचाळिसाव्या वेळी घरी आणला. बडोद्याचे पाच. महाराष्ट्राचे दोन. सौराष्ट्राचे दोन. गुजरातचा एक. पश्चिम विभागातल्या या चार शेजाऱ्यांनी मिळून दहा, आणि एकट्या मुंबईने बेचाळीस. मामा बेसनाचा लाडू उचलतात आणि गप्प होतात. लाडवाचा उपयोग माणसे असाही करतात.

गेल्या दिवाळीत मात्र मला राहवले नाही. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला माणूस. शाळेत मराठी शिकवतो आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. आकड्यांशी माझे कधी फारसे जमले नाही. पण एखादा आकडा चार माणसांची तोंडे बंद करू लागला, की त्या आकड्याच्या पोटात काय आहे ते पाहावेसे वाटते. पाहुणे गेल्यावर मी शाळेची एक कोरी वही काढली आणि हिशेब मांडायला बसलो.

रणजी करंडक सुरू झाला तो १९३४-३५ साली, आणि पहिल्याच वर्षी तो मुंबईने जिंकला. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत तर तिने तो लागोपाठ पंधरा वर्षे जिंकला. त्या पंधरा वर्षांत पाळण्यातले मूल दहावीच्या बाकावर जाऊन बसले, तरी करंडक आपला मुंबईतच! पहिल्या एकोणचाळीस हंगामांत मुंबईची चोवीस विजेतेपदे आहेत. त्यानंतर २०२४ पर्यंत स्पर्धा पन्नास वेळा झाली, कारण २०२०-२१ साली साथीमुळे ती भरलीच नाही. त्या पन्नासांत मुंबईची अठरा. म्हणजे आधी पाचांत तीन, नंतर तिनांत एक. माझा पुतण्या ज्या बेचाळिसांच्या बळावर बोलतो, त्यांतली निम्म्याहून अधिक त्याच्या वडिलांच्या जन्माआधीची आहेत.

पहिली अडचण पुढेच होती. मोजायचे कोणाच्या नावावर? सौराष्ट्राने २०१९-२० साली करंडक जिंकला तेव्हा तो त्यांचा पहिलाच म्हणून मोजला गेला. पण १९३६-३७ साली तो नवानगरने जिंकला होता आणि १९४३-४४ साली वेस्टर्न इंडियाने. आणि ही दोन्ही नावे त्याच काठियावाडच्या मातीतली. मध्य प्रदेशाने २०२१-२२ साली अंतिम सामन्यात मुंबईला हरवले, तेव्हा त्यांचाही तो पहिलाच ठरला. पण इंदूरच्या होळकर संघाने कर्नल सी. के. नायडूंच्या अमदानीत १९४५ ते १९५३ या आठ वर्षांत तो चार वेळा जिंकला होता. त्यांतल्या एका वर्षी, १९४७-४८ साली, अंतिम सामन्यात हरलेला संघ मुंबईचाच होता. संस्थाने गेली, पाट्या बदलल्या, आणि त्या पाट्यांबरोबर विजयही निराधार झाले. इकडे 'बॉम्बे'चे 'मुंबई' झाले, तरी खाते तेच चालू राहिले. माणसे तीच, माती तीच. पण एकाच्या वहीत जुनी पाने शिवलेली राहिली आणि दुसऱ्याची फाटून वाऱ्यावर गेली. वारसा हा रक्ताने मिळतो असे आपण म्हणतो. पुष्कळदा तो नुसता पाटीने मिळतो.

दुसरी अडचण अधिक मोठी. १९५७-५८ पासून विभागवार साखळी सामने सुरू झाले. मुंबई, महाराष्ट्र, बडोदे, गुजरात आणि सौराष्ट्र हे पाच शेजारी एका अंगणात आले. या अंगणातून पुढच्या बाद फेरीत जाण्याचा दरवाजा एकच होता. पहिला येईल त्याने जावे, बाकीच्यांनी घरी परतावे. पहिल्या वर्षी बडोदे त्या दारातून गेले आणि थेट करंडक घेऊन आले. त्यानंतर बारा वर्षे त्या दारात मुंबई उभी होती. म्हणजे त्या बारा वर्षांत दुसरा आलेला संघ केवढाही चांगला असो, त्याची परीक्षा देशासमोर झालीच नाही. या काळात राजस्थान सात वेळा अंतिम सामन्यात पोहोचले आणि सातही वेळा मुंबईकडून हरले. त्यांच्या नावापुढे निदान 'उपविजेते' असे लिहिले जाते. पुण्या-बडोद्याच्या नावापुढे काय लिहिले जाते? काही नाही. कारण त्यांचे घर मुंबईच्या शेजारी होते!

आणि १९७०-७१ साली नियम बदलला. प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे जाऊ लागले. त्या पहिल्याच वर्षी अंतिम सामना कोणाचा झाला असेल? मुंबई आणि महाराष्ट्र! दुसऱ्याला दार उघडले मात्र, तो थेट दिवाणखान्यात येऊन बसला. सामना मुंबईनेच जिंकला. तोही अशा वर्षी, की वाडेकर, सरदेसाई, सोलकर आणि कोवळा गावसकर हे सारे वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते आणि सुधीर नाईकांनी उरलेल्या मंडळींना घेऊन करंडक राखला. मुंबईचे मोठेपण कशात होते, हे मला त्या पंधरा विजयांपेक्षा या एका विजयाने अधिक सांगितले. पहिल्या फळीतली माणसे उठून गेली तरी मागची फळी तयार होती.

तिसरी अडचण अशी, की काही गोष्टी कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला महाराष्ट्राकडून भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा त्या वेळचा जागतिक उच्चांक हातभर अंतरावर आला होता. आणखी दहा धावा, की तो मोडला असता. काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, खेळ तेथेच सोडून दिला. सामना महाराष्ट्राने जिंकला. निकालाच्या रकान्यात 'विजय' असे लिहिले गेले. त्या विजयाने निंबाळकरांचे काय घेतले, हे लिहायला रकानाच नाही. ते पुढे कधी कसोटी सामनाही खेळले नाहीत. आमचे शेठ राजकोटकडचे, म्हणून हा विषय मी दिवाळीत काढत नाही, पण एकदा त्यांनी आपण होऊन काढला आणि म्हणाले, "मास्तर, ती एक गोष्ट आमच्या खात्यावर अजून उधार आहे."

त्याच हंगामात, १९४९ च्या मार्चमध्ये, पुण्यालाच मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना सात दिवस चालला. मुंबईने ६५१ आणि ७१४, महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ धावा केल्या. एकूण २३७६! महाराष्ट्र ३५४ धावांनी हरले. चौथ्या डावात सहाशेच्या वर धावा करून हरलेल्या संघाला दुबळा म्हणायची कोणाची छाती आहे? पण करंडकांच्या यादीत त्या वर्षापुढे एकच नाव आहे, आणि यादीच्या हिशेबी पुण्याची ती मंडळी सात दिवस मैदानावर आलीच नव्हती.

आता बडोद्याचे पाहा. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. त्या आकड्याला जगात कोणी मागे टाकायला २००६ साल उजाडावे लागले. साडूंना हे तोंडपाठ आहे. पण त्यांना मी एकदा विचारले, "बडोद्याने पहिले चार करंडक पंधरा-सोळा वर्षांत जिंकले, आणि पाचवा मिळवायला २००१ साल का यावे लागले?" साडू विचारात पडले. मग म्हणाले, "आमचा वड मोठा होता हो, पण एकाच पारावर." मला ते उत्तर पटले. होळकर काय आणि बडोदे काय, त्यांच्या क्रिकेटला राजाश्रयाची सावली होती. सावली देणारा हात मागे गेला, की उन्हे लागतात.

मुंबईचे तसे नव्हते. तिच्यामागे राजा नव्हता. तिच्यामागे होती मैदाने: आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, शिवाजी पार्क. शाळाशाळांच्या हॅरिस आणि जाइल्स ढाली होत्या. १९४८ पासून भर पावसाळ्यात, चिखलात, चेंडू कोणत्या उंचीवर येईल याचा नेम नाही अशा खेळपट्टीवर चालणारी कांगा लीग होती. खेळाडूला नोकरी देऊन पोटाची काळजी मिटवणाऱ्या कंपन्या होत्या. आणि होती लोकल गाडी. पहाटे मुलुंडहून किंवा बोरिवलीहून निघायचे, आपल्यापेक्षा लांब पिशवी दारातल्या गर्दीतून आत रेटायची, आणि उजाडायच्या आत मैदान गाठायचे. दादर-माटुंग्याचे क्रिकेट असे हळूहळू रुळांवरून उत्तरेकडे सरकत आले. रोहित शर्मा बोरिवलीच्या शाळेतून पुढे आला. शार्दूल ठाकूर पालघरहून गाडीने येत असे. २०२४ च्या त्या करंडकात उपांत्य सामन्यात शतक झळकावणारा हाच पालघरचा मुलगा.

हे सारे मी पुतण्याला सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "काका, काही म्हणा. पंधरा वर्षे लागोपाठ आम्हीच जिंकलो ना?"

मी म्हटले, "आम्ही? तुझा जन्म तेव्हा कुठे झाला होता?"

"म्हणून काय झाले? मुंबई म्हणजे आम्हीच."

"बरे. मग पद्माकर शिवलकर ठाऊक आहेत का तुला? तुमच्या त्या पंधरा वर्षांतले पुष्कळसे सामने ज्यांनी जिंकून दिले ते डावरे गोलंदाज? ५८९ बळी घेतले. भारताकडून एकही कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही. २०२५ च्या मार्चमध्ये वारले."

"नाही ठाऊक," तो म्हणाला. "मी तेव्हा कुठे होतो?"

वाचकहो, त्याला हसू नका. तो मुलगा खोटे बोलत नव्हता. आपण सारेच असे बोलतो. विजयाच्या वेळी आपण होतो, आणि देण्याच्या वेळी आपण जन्मलोच नव्हतो! घराण्याचा, गावाचा, जातीचा, भाषेचा अभिमान सांगताना आपण 'आम्ही' म्हणतो. त्याच घराण्याने कोणाला दारातून परत पाठवले ते निघाले, की 'ते' म्हणतो. एकाच वाड्याच्या पुढच्या दारावर आपल्या नावाची पाटी आणि मागच्या दारावर पूर्वजांच्या नावाची!

तेव्हा प्रश्न क्रिकेटपुरता राहिला नाही. जे आपण केले नाही, त्याचा अभिमान बाळगण्याचा आपल्याला हक्क आहे काय? आणि असेल, तर त्या हक्काची किंमत कोणती?

या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो, त्याला कारण होते. पुतण्याच्या आधी मला तो दुसऱ्या एका मुलाने विचारला होता, आणि त्याला उत्तर देताना माझी जीभ टाळ्याला चिकटली होती.

शाळेत क्रिकेटचा संघ माझ्या गळ्यात आहे. दुसरे कोणी तयार नव्हते म्हणून. आमच्या शाळेच्या जिन्याखाली काचेचे एक कपाट आहे. त्यात जुन्या ढाली आणि चषक आहेत. चांदीचा मुलामा काळवंडलेला, पण वर्षे वाचता येतात. गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत आमचा संघ जेवणाच्या सुटीपूर्वी सर्व बाद झाला. परत येताना मुले गाडीत हसत-खिदळत होती. मला संताप आला. दुसऱ्या दिवशी मी अकराही जणांना त्या कपाटासमोर उभे केले आणि एकेकाला एकेक वर्ष मोठ्याने वाचायला लावले. "बघा," मी म्हणालो, "या शाळेतल्या मुलांनी काय मिळवून ठेवले आहे, आणि तुम्ही त्याची काय माती केलीत!"

मुले खाली मान घालून उभी राहिली. फक्त कर्णधार वर पाहत होता. डोंगराच्या बाजूच्या वस्तीत राहणारा, बापाची रिक्षा. पोर बोलायला साधे. त्याने विचारले, "सर, ह्या ढाली जिंकल्या तेव्हा आपल्याला मैदान होते ना?"

त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. त्याला खरेच जाणून घ्यायचे होते. मी म्हणालो, "होते."

"मग ते कुठे गेले?"

मैदान कुठे गेले ते मला चांगले ठाऊक होते. त्या मैदानाच्या जागी आता शाळेची नवी इमारत उभी आहे. उरलेल्या पट्टीत बसगाड्या लागतात. काही वर्षांपूर्वी व्यवस्थापकांनी इमारतीचा विचार मांडला, तेव्हा शिक्षकांची संमती म्हणून एक कागद फिरवला होता. त्यावर माझी सही आहे. मला कोणी धमकावले नव्हते. नव्या वर्गांची गरज होती, हे खरे. पण माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती, हेही तितकेच खरे. शिवाय नव्या इमारतीत शिक्षकांना पंख्याखाली बसायला खोली मिळणार होती. मी कागद पुरता वाचलाही नाही. त्या पंख्याखाली बसून मी माझ्या एका कादंबरीची शेवटची प्रकरणे लिहिली.

आणि मीच मुलांना ढाली दाखवत होतो! मी त्यांना काय सांगत होतो? की तुमच्या आधीच्यांनी शेत पिकवून दाखवले, मधल्या आम्ही ते विकून खाल्ले, आणि आता तुम्ही पीक का काढत नाही?

त्या मुलाला मी उत्तर दिले नाही. "वर्गात जा," एवढेच म्हणालो. शिक्षकाला हे दोन शब्द फार उपयोगी पडतात.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घाटकोपरला शेठच्या दुकानी गेलो. दरवर्षी जातो. लाल पुठ्ठ्याच्या नव्या वह्या गादीवर मांडलेल्या होत्या. पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' काढलेला, बाजूला 'शुभ' आणि 'लाभ'. हिशेब आता सारा संगणकावर असतो, पण पूजेला वहीच लागते. शेठचा मुलगा जुन्या वहीवरून नव्या वहीत काही उतरवून घेत होता. माझ्या डोक्यात ते कपाट घोळत होते, म्हणून मी सहज विचारले, "शेठ, गेल्या साली धंदा चांगला झाला म्हणता. मग तो केवढा झाला ते नव्या वहीत पहिल्या पानावर लिहीत नाही का? तेवढाच शुभशकुन!"

शेठ हसले. "मास्तर, गेल्या सालची विक्री नव्या वहीत कोण लिहितो? ती झाली, संपली. नव्या वहीत लिहायचे ते दोनच. शिल्लक काय आहे ते, आणि देणे-घेणे काय राहिले ते. विक्री मोठी आणि शिल्लक शून्य, असे दुकान मी पुष्कळ पाहिले. ते पुढल्या दिवाळीला नसते."

मी घरी आलो तो हे वाक्य घोकीतच.

मला वाटते, माझ्या प्रश्नाचे उत्तर त्या लाल वहीत होते. करंडक, ढाली, विक्रम ही विक्री आहे. ज्याने केली त्याची, त्या वर्षाची. तिचे कौतुक करावे, तिच्या गोष्टी मुलांना सांगाव्यात. पण ती मागील पानावरून पुढे ओढता येत नाही. १९६५ साली मुंबईने घेतलेला बळी आज कोणाला बाद करीत नाही. पुढे ओढता येतात त्या दोनच गोष्टी. एक शिल्लक: मैदाने, पावसातली ती लीग, पहाटे उठून पोरांना शिकवणारी माणसे, आणि पहिली फळी उठून गेली तरी मागची तयार असण्याची ती सवय. आणि दुसरे देणे: निंबाळकरांचे, शिवलकरांचे, ज्यांच्या खांद्यांवर करंडक उभा राहिला पण ज्यांच्या हातात तो आला नाही त्यांचे.

मग पूर्वजांच्या पराक्रमाचा अभिमान बाळगूच नये काय? असे मी म्हणत नाही. 'झाले ते झाले, आमचा त्याच्याशी संबंध नाही' म्हणणारा माणूस मला बढाईखोरापेक्षाही परका वाटतो. ज्याला मागचे पान नाही, त्याला पुढे काय लिहायचे तेही कळत नाही. अभिमान जरूर बाळगावा. फक्त तो घेताना सबंध खाते घ्यावे. आपल्याकडे पितरांचे जे असते त्याला 'ऋण' म्हटले आहे, 'दौलत' म्हटलेले नाही. हा शब्द योजणाऱ्याला माणसाचा स्वभाव पक्का ठाऊक असला पाहिजे. दौलत समजली की माणूस ती मिरवतो. ऋण समजले की फेडायला लागतो. आणि पूर्वजांचे ऋण पूर्वजांना फेडता येत नाही, ते तर गेले. ते फेडायचे असते पुढच्यांना.

असे पाहिले म्हणजे मुंबईची ती उतरती बेरीजही मला तितकीशी खुपत नाही. आधी पाचांत तीन, मग तिनांत एक. यात मुंबईचे काही उणे झाले असेल. पण दुसऱ्यांचे पुष्कळ वाढले, हेही खरे. १९७३-७४ साली प्रसन्नाच्या कर्नाटकाने मुंबईची पंधरा वर्षांची साखळी उपांत्य सामन्यात तोडली. १९९१ साली वानखेड्यावर हरियाणाने अवघ्या दोन धावांनी करंडक नेला, आणि १३९ धावांवर नाबाद राहिलेला वेंगसरकर मैदानावरच रडला. २०१७ साली अंतिम सामन्यात मुंबईला हरवून गुजरातने करंडक पहिल्यांदा घरी नेला. विदर्भाने २०१८ आणि २०१९ साली लागोपाठ आणि मग २०२५ साली पुन्हा तो जिंकला. त्या विदर्भाला पहिली दोन्ही वर्षे घडवणारा आणि पुढे मध्य प्रदेशाला जिंकून देणारा गुरू कोण? चंद्रकांत पंडित, मुंबईच्याच मैदानांवर वाढलेला! आणि मुंबईकडून वर्षानुवर्षे धावांच्या राशी घालूनही ज्याला भारताची टोपी मिळाली नाही, त्या अमोल मुजुमदाराच्या मार्गदर्शनाखाली आपल्या मुलींनी २०२५ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत विश्वचषक उचलला. यातले काहीही त्या बेचाळिसांत मिळवता येत नाही. पण मुंबईची शिल्लक कुठे कुठे रुजू झाली आहे ते यातून दिसते. तिची विक्री थोडी घटली असेल. तिची उधारी मात्र देशभर फिटते आहे.

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, तेव्हा मी त्या अकरा मुलांना पुन्हा कपाटापाशी बोलावले. मला वाटले होते त्याहून ते कठीण गेले. मी त्यांना सांगितले, "मैदान कुठे गेले असे विचारले होते ना? ते देण्याच्या कागदावर माझीही सही आहे." मुले एकमेकांकडे पाहू लागली. आपल्या गुरुजींनी चूक कबूल केली म्हणजे काय करायचे असते, हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. शेवटी कर्णधार म्हणाला, "पण सर, बसगाड्या सकाळी साडेसहाला बाहेर जातात. त्या साडेआठपर्यंत येत नाहीत."

दोन तास! मी रोज त्या पट्टीवरून जातो. मला ते कधी दिसले नव्हते. ज्याला गरज असते त्याला दिसते.

त्या पट्टीवर सकाळचे दोन तास जाळे लावण्याची परवानगी मी लेखी मागितली. मागताना या वेळी कागद दोनदा वाचला. आठवड्यातून तीन दिवस मिळाले. जमीन सिमेंटची आहे, चेंडू भलताच उसळतो, आणि तेलाच्या डागावर पाय घसरतो. ढाल येईल असे काही मला वाटत नाही. मैदान परत आले, असे तर मी मुळीच म्हणणार नाही. शेठच्या भाषेत सांगायचे तर मुद्दल बुडाले ते बुडालेच. व्याजापैकी चार पैसे देऊ लागलो, एवढेच.

आता पुन्हा दिवाळी आली आहे. मामा येतील, साडू येतील, शेठ मिठाईचा पुडा घेऊन येतील. चकली मोडेल आणि भांडण सुरू होईल. होऊ दे. ते भांडण नसेल तर आमच्या घरी दिवाळी आली असे वाटणारच नाही. आणि शेवटी पुतण्या ताठ बसून 'बेचाळीस!' म्हणेल, तेव्हा मी त्याच्या ताटात आणखी एक करंजी वाढीन आणि विचारीन,

"छान! आणि शिल्लक किती?"